शेवटच्या भागाने तोंडाला पानं पुसली



एरवी या कार्यक्रमात आपण बियाणं, कर्जाचे हप्ते, दवाखाना, ग्रामसभा यांवर बोलतो. आज एका गोष्टीच्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे, आणि तेही अमेरिकेतल्या. झालं असं, की गटातल्या दोघी-तिघींनी आम्हाला विचारलं, "आमच्या पोरी मोबाइलवर ती पिशाच्चाच्या प्रेमाची गोष्ट वाचतात, रात्र-रात्र जागतात, आणि शेवटचं पुस्तक संपलं की चिडून म्हणतात, फसवलं आम्हाला. आता पुस्तक कसं काय फसवेल?"

फसवू शकतं. कसं, ते कळायला आधी गोष्ट सांगावी लागेल. ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी आत्ताच रेडिओ बंद करावा, फक्त मग नंतरची पाककृतीही हुकेल.

या पुस्तकांच्या मालिकेचं नाव 'ट्वायलाइट', म्हणजे तिन्हीसांजेची वेळ. लेखिकेचं नाव स्टेफनी मेयर. 2003 साली या बाई अ‍ॅरिझोना राज्यात राहत होत्या, पदरी तीन लहान मुलगे. कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकलेल्या, पण नावावर एकही पुस्तक नाही. त्या वर्षी 2 जूनला त्यांना स्वप्न पडलं. रानातल्या मोकळ्या जागेत एक साधी मुलगी आणि एक देखणा रक्तपिपासू तरुण बोलत उभे आहेत. त्याचा तिच्यावर जीव जडलाय आणि त्याच वेळी त्याला तिच्या रक्ताची तहानही लागली आहे. मुलांचं आवरता-आवरता बाईंनी ते स्वप्न लिहून काढलं. मग पोरं झोपली की लिहायचं, असं करत तीन महिन्यांत अख्खी कादंबरी झाली. बहिणीने आग्रह केला म्हणून त्यांनी पुस्तकं विकून देणाऱ्या पंधरा एजंटांना पत्रं धाडली. नऊ जणांनी नाही म्हटलं, पाच जणांनी उत्तरच दिलं नाही, एकीने हो म्हटलं. त्या एका होकारातून तीन पुस्तकांचा साडेसात लाख डॉलरचा करार झाला. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. पुढे आपण या बाईंच्या पुस्तकाला नावं ठेवणार आहोत, तर त्यांचे कष्ट आधी ठाऊक असू द्या.

आता रक्तपिपासू म्हणजे कोण? आपल्याकडे हडळ, मुंजा, वेताळ, तसा युरोपातला व्हॅम्पायर. मेलेला, पण न मरणारा आणि माणसाचं रक्त पिऊन जगणारा. मेयरबाईंनी त्याला जरा सोज्वळ केला. त्यांच्या गोष्टीतलं कलन कुटुंब जनावरांच्या रक्तावर भागवतं. ही मंडळी म्हातारी होत नाहीत, झोपत नाहीत, आणि उन्हात त्यांचं अंग हिऱ्यासारखं चमकतं. म्हणून त्यांनी राहायला सदा ढगाळ गाव शोधलं, वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स. हे गाव खरं आहे. लेखिकेने तोवर ते पाहिलंही नव्हतं. अमेरिकेत सगळ्यात जास्त पाऊस कुठे पडतो हे इंटरनेटवर धुंडाळून तिने ते निवडलं.

बेला नावाची सतरा वर्षांची मुलगी या गावी वडिलांकडे राहायला येते. आई-वडील विभक्त झालेले. वडील चार्ली गावचे पोलीस प्रमुख, मितभाषी, स्वयंपाकात शून्य, तेव्हा चुलीचा ताबा पोरीकडे. शाळेत तिला एडवर्ड कलन भेटतो. दिसायला सतरा वर्षांचा, पण खरा सतरा होता 1918 साली, शिकागोत फ्लूच्या साथीत मरणाच्या दारात असताना. पहिलं पुस्तक 2005 साली आलं आणि त्यात या दोघांचं जुळलं. 2006 च्या दुसऱ्या पुस्तकात एडवर्ड तिला तिच्याच भल्यासाठी म्हणून सोडून जातो. बेला खचते. तिला उभी करतो तो जेकब, शेजारच्या वस्तीतला क्विल्यूट आदिवासी मुलगा. तो पुढे लांडग्याचं रूप घेऊ लागतो. क्विल्यूट जमातही खरी आहे, समुद्रकाठी ला पुश नावाच्या गावी राहते. त्यांच्या जुन्या कथेत लांडग्यांची माणसं झाली. माणसाचा लांडगा होण्याची आणि रक्तपिपासूंशी वैराची कहाणी मात्र मेयरबाईंनी आपल्या पदरची घातली.

2007 च्या तिसऱ्या पुस्तकात खरी गाठ पडते. बेलाला एडवर्डसारखंच व्हायचं असतं, आणि तसं झालं तर काय-काय गमवावं लागेल हे लेखिका एकेक करून मांडते. आई-वडिलांचं तोंड पुन्हा पाहता येणार नाही. मूल होणार नाही. नवा रक्तपिपासू पहिलं वर्षभर तहानेने इतका पिसाळलेला असतो, की समोर कोण आहे याचंही भान राहत नाही. जेकब कायमचा दुरावेल, आणि बेलाचा त्याच्यावरही जीव आहे. शिवाय इटलीत रक्तपिपासूंचे एक राजेच बसलेत, वोल्तुरी नावाचे. नियम मोडला की जीव घेणारे. त्यांची नजर कलन कुटुंबावर आहेच.

याच पुस्तकात रोझली नावाची एक पात्र बेलाला आपली हकीकत सांगते. आम्हाला विचाराल तर तिन्ही पुस्तकांतला हा सगळ्यात चांगला भाग आहे. रोझली मोठी रूपवान. होणाऱ्या नवऱ्यानेच दारूच्या नशेत मित्रांसह तिच्यावर अत्याचार केला आणि तिला रस्त्यात मरायला टाकून दिलं. कलनांनी तिला रक्तपिपासू करून वाचवलं. आता ती कधी म्हातारी होणार नाही, कधी मरणार नाही, पण तिच्या मैत्रिणीच्या मांडीवर होतं तसं बाळ तिला कधीच मिळणार नाही. ती बेलाला सांगते, की तुझ्यापुढे निवड आहे, ती मला नव्हती, आणि तू चुकीचं निवडते आहेस. बेलाच्या आईचंही मन या लग्नाला मनापासून तयार होईल असं कुणाला वाटत नाही. तिने स्वतः शाळा संपताच लग्न करून हात पोळून घेतले होते, आणि लेकीला लहानपणापासून तेच बजावलं होतं.

आपण भिशी लावतो ना, तसंच हे. वाचक तीन पुस्तकं हप्ते भरतो. वेळ देतो, जीव लावतो, रात्री जागतो. लेखिका सांगत असते, याची किंमत मोठी आहे, थांबा, शेवटी दाखवते. चौथं पुस्तक म्हणजे भिशी उचलायची पाळी.

ते चौथं पुस्तक, 'ब्रेकिंग डॉन', 2 ऑगस्ट 2008 ला आलं. अमेरिकेत दुकानांबाहेर मध्यरात्री मुलींच्या रांगा लागल्या होत्या, दुकानांनी जलसे ठेवले होते. एकट्या अमेरिकेत पहिल्या दिवशी तेरा लाख प्रती खपल्या. साडेसातशे पानांचं जाडजूड पुस्तक पोरी घरी घेऊन गेल्या आणि वाचत बसल्या.

त्यात काय घडतं? बेला अठराव्या वर्षी, शाळा संपताच लग्न करते. आईची समजूत घालावी लागेल, भांडण होईल, असं आपल्याला वाटत असतं, तर आई एका झटक्यात हो म्हणते. ब्राझीलजवळच्या बेटावर मधुचंद्र होतो. आणि तिथेच बेलाला दिवस जातात. रक्तपिपासूपासून मूल! तीन पुस्तकं ज्याला अशक्य म्हटलं, ते एका प्रकरणात शक्य झालं. खुलासा असा, की रक्तपिपासू बाईला मूल होत नाही, पुरुषाचं तसं नाही. बरं, मानलं.

बाळंतपणाचा भाग मात्र अंगावर येतो. गर्भ महिन्यांनी नाही, दिवसांनी वाढतो. त्याच्या लाथेने आईची फासळी मोडते. तिच्या पोटात अन्न ठरत नाही, शेवटी तिला माणसाचं रक्त प्यावं लागतं आणि ते तिला गोड लागतं. डोहाळे म्हणावेत तर असे! एडवर्ड आणि त्याचे डॉक्टर वडील म्हणतात गर्भ काढून टाकू, बेला म्हणते हात लावू देणार नाही, आणि तिच्या बाजूने पहारा द्यायला उभी राहते तीच रोझली, बाळासाठी आसुसलेली. या भागावरून वाचकांमध्ये खूप वाद झाले. कुणाला ते आईपणाचं उदात्तीकरण वाटलं, कुणाला बाईने स्वतःच्या शरीराबद्दल घेतलेला निर्णय वाटला.

आमची तक्रार वेगळी आहे. तीन पुस्तकं ही गोष्ट बेला स्वतः 'मी' म्हणून सांगत आली. नेमक्या गरोदरपणात लेखिका तिच्या तोंडून गोष्ट काढून घेते आणि जेकबच्या तोंडी देते. त्यामुळे त्या बाईला काय वाटतंय, भीती वाटते का, पश्चात्ताप होतो का, हे आपल्याला बाहेर उभ्या असलेल्या पुरुषाकडून कळतं. दवाखान्यात नाही का, डॉक्टर विचारतात बाईला आणि उत्तर देतो नवरा किंवा सासू! वाचणाऱ्या मुलींना हे नेमकं सांगता आलं नसेल, पण इथे काहीतरी निसटलं हे अनेकींना जाणवलं.

तरीही किंमत मोजणं काय असतं ते चौथ्या पुस्तकात कुठे दिसत असेल, तर इथेच. बेलाचा कणा मोडतो, हृदय थांबतं, एडवर्ड आपलं विष टोचून तिला रक्तपिपासू करतो. तीन दिवस ती आतून जळते. आणि मग डोळे उघडते तेव्हा पूर्वीपेक्षा सुंदर! टाके नाहीत, दूध नाही, जागरण नाही, सुटलेलं पोट नाही. इथून पुढे प्रत्येक किंमत माफ होत जाते. वर्षभराची पिसाळलेली तहान? बेलाला पहिल्या दिवसापासून ताबा ठेवता येतो, तो ठेवायला अनुभवी रक्तपिपासूंनाही कित्येक वर्षं लागलेली असतात. वडील दुरावणार? चार्लीला अर्धंमुर्धं खरं सांगितलं जातं, तो खांदे उडवतो आणि नातीला बघायला येत राहतो. मूल नाही? आहे, आणि ते सात वर्षांत मोठं होऊन मग कधी म्हातारं न होणारं. त्याचं नाव रेनेझ्मे, दोन्ही आज्यांची नावं जोडून केलेलं. रेने आणि एज्मे. हे नाव वाचून तिकडच्या पोरी खो-खो हसल्या म्हणतात. आपल्याकडे आजीचं नाव नातीला ठेवणं नवीन नाही, पण दोन आज्या एका नावात कोंबायचं धाडस आपणही करत नाही.

राहिला जेकब. त्याचं दुःख ही तर गोष्टीतली सगळ्यात खरी गोष्ट होती. सगळ्यांनाच आपलं माणूस मिळत नाही, हे वाचक मुलींना त्याच्यामुळे कळत होतं. लेखिकेने त्याची सोय लावून टाकली. लांडगा होणाऱ्या या मुलांना एखादी व्यक्ती पाहताच तिचा कायमचा ठसा मनावर उमटतो, मग ते तिच्याशी जन्मभर बांधले जातात, असं तिसऱ्या पुस्तकात येऊन गेलं होतं. चौथ्यात जेकबच्या मनावर ठसा उमटतो तो बेलाच्या नुकत्या जन्मलेल्या मुलीचा. लेखिका म्हणते, यात आत्ता वावगं काही नाही, तो तिचा रक्षक असेल, भाऊ असेल, ती मोठी झाल्यावर काय ते बघू. पण मैत्रिणींनो, पाळण्यातली सोयरीक ती हीच. आपल्या आज्या-पणज्यांची अशीच ठरली होती. तेव्हाही सांगणारे हेच सांगत, की पोर मोठी झाल्यावर नांदायला पाठवू, आत्ता काय बिघडतंय. बिघडतं ते हे, की ज्या पोरीबद्दल ठरतंय तिला विचारलेलं नसतं. अमेरिकेतल्या वाचकांना पाळण्यातलं लग्न कुठून माहीत असणार, तरी अनेकींना या प्रसंगाची किळस आली.

आता शेवट. वोल्तुरींना चुकीची खबर जाते, की कलनांनी लहान बाळालाच चावून रक्तपिपासू केलंय. तसं करणं त्यांच्या कायद्यात सगळ्यात मोठा गुन्हा. ते फौज घेऊन निघतात. इकडे कलन जगभरातून साक्षीदार गोळा करतात, इजिप्तहून, आयर्लंडहून, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातून. कोणाकडे वीज खेळवायची शक्ती, कोणाकडे पाणी-वारा हलवायची. शंभर-दीडशे पानं नुसती तयारी चालते. बेला सगळ्यांना झाकणारं अदृश्य कवच तयार करायला शिकते, मुलीसाठी खोटी कागदपत्रं करून ठेवते, मनातून सगळ्यांचा निरोप घेते. बर्फाच्या मैदानात दोन्ही बाजू समोरासमोर येतात. आणि? बोलणं होतं. ज्या बाईने चुकीची खबर दिली होती तिला वोल्तुरी तिथेच मारतात. मग अ‍ॅलिस नावाची नणंद दक्षिण अमेरिकेतून एक तरुण घेऊन येते, तोही असाच अर्धा माणूस, दीडशे वर्षांचा, निरुपद्रवी. वोल्तुरी म्हणतात, बरं, आणि माघारी जातात. डोंगर पोखरून उंदीर निघाला.

लेखिकेची बाजूही सांगायला हवी. शेवटी सगळीकडे प्रेतं पडलेली आहेत अशी गोष्ट लिहिणं आपला पिंड नाही, ही लढाई डोक्याने जिंकायची होती, असं त्यांनी वाचकांना सांगितलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बुद्धिबळाचा पट आहे. पुढे मोठी पांढरी सोंगटी आणि मागे लहान लाल प्यादं. प्यादं म्हणजे पहिल्या पुस्तकातली बेला, आणि मोठी सोंगटी म्हणजे शेवटची. इंग्रजीत त्या सोंगटीला राणी म्हणतात. आपण वजीर म्हणतो, त्यामुळे पटावर सगळ्यात ताकदवान असलेली ही बाई आपल्याला दिसतच नाही. कल्पना चांगली आहे, आणि बेलाच्या कवचामुळेच वोल्तुरींची दहशत चालत नाही हेही खरं. युद्ध टळलं याला आमचा आक्षेप नाहीच. टळण्यासाठी बेलाला काही द्यावं लागलं असतं, तर कोणी कुरकुर केली नसती.

मग असं का झालं? यामागे एक साधं कारण आहे आणि ते लेखिकेनेच सांगितलेलं आहे. पहिलं पुस्तक लिहून झाल्यावर त्यांनी लगेच पुढचा भाग लिहिला होता, 'फॉरेव्हर डॉन' नावाचा, छापायला म्हणून नाही तर स्वतःसाठी आणि बहिणीसाठी. त्यात लग्न, बेट, बाळंतपण, मुलीवर जेकबचा ठसा, वोल्तुरी, सगळं होतं. नंतर मालिका शाळकरी वयातच अजून रेंगाळावी असं ठरलं, आणि मधली दोन पुस्तकं लिहिली गेली. म्हणजे घराची पहिली आणि वरची खोली आधी बांधली, मधला मजला नंतर घातला. त्या मधल्या दोन पुस्तकांनीच तर जेकबला मोठं केलं. जुन्या मसुद्यात तो आणि बेला इतके जवळचे नव्हतेच, त्यामुळे तिथे बाळावर त्याचा ठसा उमटणं फार खुपलं नसतं. रोझलीचा इशारा, निवडीची किंमत, हे सगळं वजन मधल्या पुस्तकांनी वाढवलं. शेवट मात्र मुळात हलक्या गोष्टीसाठी बेतलेला होता, आणि तो जवळपास तसाच ठेवला गेला. पोर वाढली, झंपर जुन्याच मापाचा.

तेव्हा काही वाचकांनी एक मोहीमच काढली, की पुस्तक आवडलं नाही तर नुसतं कुरकुरू नका, दुकानात परत करा. दुसऱ्या म्हणाल्या, वाचून झालेलं पुस्तक परत करणं म्हणजे जेवून उठल्यावर ताट मागे सारणं. पुष्कळ जणींना शेवट आवडलाही. तीन पुस्तकं रडलेल्या पोरीला सुख मिळालं, आम्हाला तेवढंच हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. टीव्हीवरच्या मालिकेत छळ सोसलेली सून शेवटी सुखी झाली की आपल्यालाही बरं वाटतंच की. ही भूक खोटी नाही, म्हणून त्यांना हसू नये. फक्त तुमच्या मुली जेव्हा म्हणतात की फसवलं, तेव्हा त्या हेच सांगत असतात, की सुख मिळालं पण कमावल्यासारखं वाटलं नाही.

पुढे या पुस्तकाचे दोन सिनेमे झाले, 2011 आणि 2012 साली. दुसऱ्या सिनेमात बर्फाच्या मैदानात घनघोर लढाई होते, लाडकी पात्रं धडाधड मरतात, थिएटरात प्रेक्षक किंचाळतात. आणि मग कळतं, की हे घडलंच नाही, अ‍ॅलिसने वोल्तुरींच्या प्रमुखाला दाखवलेलं ते भविष्य होतं. पुस्तकात काय कमी पडलं होतं हे सिनेमावाल्यांना बरोबर उमगलं होतं.

मेयरबाईंनी 2015 साली, पहिल्या पुस्तकाला दहा वर्षं झाली म्हणून, तीच गोष्ट उलटी करून लिहिली. त्यात मुलगी रक्तपिपासू आणि मुलगा साधा माणूस. बाकी बहुतेक तेच, फक्त शेवट बदलला. तो मुलगा पहिल्याच पुस्तकाच्या शेवटी रक्तपिपासू होतो. आई-वडिलांना वाटतं तो अपघातात गेला. तो लांबून स्वतःचा अंत्यविधी पाहतो. वडील उभे आहेत, आई रडते आहे, आणि त्याला खाली जाऊन सांगता येत नाही की मी आहे. चौथं पुस्तक वाचून चिडलेल्या मुलींना हे जरूर वाचायला सांगा. बेलाला माफ झालेली किंमत इथे शेवटी मोजली गेली आहे, आणि ती मोजायला लेखिकेला मुलगा लागला, याबद्दल त्यांना काय वाटतं तेही विचारा.